विश्लेषण : बारामती-इंदापूरच्या माळावर हिवाळी सफारी, काय दिसते, कसे जायचे आणि कुठे थांबायचे?

डिसेंबर उजाडला की मोबाइलच्या पडद्यावर बर्फाची छायाचित्रे दिसू लागतात. कुणी लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या शोधत असतो, तर कुणी हिमाचलातल्या बर्फात तंबू ठोकून बसलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत काही प्रवासी उलट्या दिशेने निघालेले असतात. तिबेटचे पठार, मंगोलिया आणि लडाख या भागांत वीण करणारे पट्टकादंब, म्हणजेच बार-हेडेड गूज, हिमालय ओलांडून दक्षिणेकडे येतात आणि त्यांतले काही पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भिगवणजवळच्या उजनी जलाशयात मुक्काम करतात.

ते पक्षी जिथे उतरतात, तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर चिंकारा चरत असतो, खोकड उन्हाला बसलेले असते आणि एखाद्या घळीत लांडगीण पिलांना दूध पाजत असते. बारामती आणि इंदापूर म्हटले की ऊस, साखर कारखाने, द्राक्ष-डाळिंब आणि राजकारण एवढेच आठवणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटते. गेल्या काही वर्षांत मात्र हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथल्या माळरानांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. वन विभागाने २०२४ मध्ये इथे ‘ग्रासलँड सफारी’ही सुरू केली.

इथे काय पाहायला मिळते, त्यासाठी हिवाळाच का आणि हाच हंगाम वन्यप्राण्यांसाठी नाजूक का असतो, ते समजून घेऊ.

हे राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. यांतले चांदोली सह्याद्रीच्या डोंगरात आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत यांपैकी एकही नाही.

इथे तीन वेगवेगळ्या प्रकारच्या जागा आहेत. पहिली जागा म्हणजे बारामती तालुक्यात सुपे गावाजवळचे मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य. ते १९९७ मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वापाच चौरस किलोमीटर आहे. राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. मोरगावच्या मयूरेश्वर गणपतीवरून त्याला नाव मिळाले.

दुसरा प्रकार म्हणजे वन विभागाच्या ताब्यातली, पण अभयारण्याचा दर्जा नसलेली गवताळ राने. बारामती तालुक्यातले शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी ही त्यांतली ठळक नावे. तिसरा प्रकार म्हणजे उजनी जलाशयाचा फुगवटा : भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा पट्टा.

हा फरक फक्त कागदावरचा नाही. राष्ट्रीय उद्यानात चराईला मुभा नसते आणि लोकांचे जमिनीवरचे हक्क संपुष्टात आणलेले असतात. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. बाकीच्या रानात मात्र लांडगा, मेंढपाळ, शेतकरी आणि पर्यटक एकाच वाटेवरून ये-जा करतात. बारामती-इंदापूरच्या बहुतेक माळावर हीच परिस्थिती आहे.

उसाच्या पट्ट्यात माळरान उरले कसे?

याचे उत्तर पावसात आणि कालव्यात आहे. सह्याद्रीचा घाटमाथा अरबी समुद्राकडून येणारे ढग अडवतो. त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला मुसळधार पाऊस पडतो, तर पूर्वेकडे बारामती-इंदापुरात वर्षाची सरासरी साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास राहते. एवढ्या पावसावर आणि उथळ, मुरमाड जमिनीवर घनदाट जंगल उभे राहत नाही. तिथे गवत वाढते आणि मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर अशी काटेरी झाडे दिसतात. इथे मूळचे जंगल तोडले म्हणून माळ झाला, असे समजणे चूक आहे. गवताळ रान हाच इथला जुना निसर्ग आहे.

मग कालवा आला. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा बांधायला घेतला आणि १८८० च्या दशकात त्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे आले. नीरा नदीच्या बाजूचा दक्षिणेकडचा पट्टा बागायती झाला. तिथे ऊस आला, पुढे कारखाने आले. कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेला उत्तर-पश्चिमेचा भाग जिरायतीच राहिला. सुपे, शिर्सुफळ आणि कडबनवाडीची राने याच जिरायती, उंचावरच्या भागातली आहेत. पाणी पोहोचले नाही म्हणून नांगर उशिरा पोहोचला आणि म्हणून चिंकारा उरला.

आता चित्र बदलते आहे. जनाई-शिरसाईसारख्या उपसा सिंचन योजनांमुळे जिरायती गावांतही पाणी खेळू लागले आहे. पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या गावांना पाणी मिळणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याचबरोबर वनक्षेत्राला लागून असलेली पडीक आणि गायरान जमीन पिकाखाली जाते, तारेची कुंपणे उभी राहतात आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याच्या प्राण्यांच्या वाटा बंद होतात. सव्वापाच चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात चिंकारा मावत नाही. तो आजूबाजूच्या शिवारातही चरतो आणि रस्ते ओलांडतो.

हिवाळ्यातच का जायचे?

याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे दृश्यमानता. पावसाळ्यात वाढलेले गवत नोव्हेंबरपर्यंत पिवळे पडू लागते आणि त्यात फिरणारे प्राणी नजरेला पडतात. उन्हाळ्यात इथे दुपारचे तापमान ४० अंशांच्या घरात जाते, त्यामुळे माणूस आणि प्राणी दोघेही सावली धरतात. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहापर्यंत प्राण्यांची हालचाल टिकते.

दुसरे कारण म्हणजे स्थलांतर. मध्य आशिया आणि युरोपच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी हिवाळ्यात दख्खनच्या माळावर येतात. गवताच्या अगदी वरून, पंख किंचित वर धरून ते तरंगत जातात आणि टोळ, उंदीर, छोटे पक्षी टिपतात. संध्याकाळी झाडावर न बसता उंच गवतातच जमिनीवर रात्र काढतात. गवत जळाले किंवा तिथे गाड्या फिरल्या, तर त्यांना रात्रीचा निवारा राहत नाही.

तिसरे कारण म्हणजे उजनीवर येणारे पाणपक्षी. त्याबद्दल पुढे.

माळाकडे पाहायची सवय नसलेल्याला पहिली दहा मिनिटे इथे काहीच दिसत नाही. हळूहळू डोळा सरावतो. मुरमाच्या रंगात मिसळून गेलेली धाविकांची जोडी पळू लागली की कळते. पिवळ्या गलोलीची माळटिटवी ओरडते. पखुर्ड्यांचा थवा पाणवठ्याकडे झेपावतो. चंडोल हवेत चढत गात राहतो.

मयूरेश्वर : चिंकाऱ्याचे घर

पुण्याहून सोलापूर महामार्गाने चौफुल्याला यायचे आणि तिथून सुपे-मोरगावच्या रस्त्याला लागायचे. साधारण ७० किलोमीटरचा हा प्रवास आहे. प्रवेशद्वारावर शुल्क भरून आत जाता येते.

चिंकारा हे छोटे, सडपातळ हरीण आहे. वजन साधारण २० ते २५ किलो. काळवीट आणि चिंकारा यांत अनेकांची गल्लत होते. काळविटाची शिंगे लांब आणि पीळदार असतात आणि मादीला सहसा शिंगे नसतात. चिंकाऱ्याची शिंगे आखूड, वलयांकित असतात आणि मादीलाही बारीक शिंगे असतात. काळी शेपटी सतत हलत राहते. धोका जाणवला की चिंकारा पुढचा पाय आपटतो आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो.

पाण्याशिवाय तो बराच काळ तग धरू शकतो. पाने, शेंगा आणि पहाटेचे दव यांतून गरजेचे बरेचसे पाणी त्याला मिळते. हिवाळ्यातल्या सकाळी तो दवाने भिजलेल्या झुडपांचा पाला खाताना दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

अभयारण्य लहान असल्याने दोन-तीन तासांत फेरी होते. सकाळी उघडताच पोहोचणे उत्तम. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि पहिला दीड तास सर्वांत चांगला असतो. चिंकाऱ्याखेरीज खोकड, ससा, मुंगूस, क्वचित लांडगा किंवा तरस आणि भरपूर पक्षी इथे आहेत.

कडबनवाडी आणि शिर्सुफळ : लांडग्याचे राज्य

शिर्सुफळ हे बारामतीच्या उत्तरेला असलेले गाव ब्रिटिशकालीन तलावासाठी आणि शिरसाई देवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. कडबनवाडी भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान, महामार्गाच्या दक्षिणेला आहे. दोन्ही ठिकाणच्या रानांत वन्यजीव छायाचित्रकारांना सर्वांत जास्त आकर्षण असते ते लांडग्याचे.

भारतीय लांडगा बर्फाळ देशांतल्या लांडग्यापेक्षा लहान आणि सडसडीत असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तो जगातल्या राखाडी लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन वंशशाखांपैकी एक आहे. देशात त्यांची संख्या सुमारे ३,१०० असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. वाघांच्या २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघांचा सरासरी अंदाज निघाला होता. म्हणजे वाघ जितका दुर्मीळ, साधारण तितकाच लांडगाही दुर्मीळ. पण वाघाला व्याघ्र प्रकल्पांची कवचे आहेत. लांडगा मात्र बहुतांशी संरक्षित क्षेत्राबाहेर, माणसांच्या शेजारी राहतो.

सफारी सुरू होण्यापूर्वी या माळावर कोण कधी येते, किती गाड्या कुठे फिरतात, याला कसलाच धरबंध नव्हता. समाजमाध्यमांवर लांडग्याचे एखादे छायाचित्र झळकायचे, ठिकाण कळायचे आणि पुढच्या रविवारी तिथे गाड्यांचा ताफा पोहोचायचा. गवतात चाकोऱ्या पडायच्या. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये या दोन ठिकाणी सफारी सुरू केली, ती ही गर्दी शिस्तीत आणण्यासाठी आणि स्थानिकांना त्यातून रोजगार मिळावा यासाठी. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, ठरलेल्या वेळेत जायचे, ठरलेल्या मार्गावरच राहायचे आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. दर आणि वेळा बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी वन विभागाच्या नोंदणी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

मार्गदर्शक हा या व्यवस्थेचा कणा आहे. गावातला तरुण, ज्याच्या घरी शेळ्या आहेत आणि ज्याच्या शेळीवर कधीतरी लांडग्याने झडप घातलेली आहे, तोच पाहुण्याला लांडगा दाखवून पैसे कमावू लागला की लांडगा जिवंत राहण्यात त्याचाही फायदा असतो.

मग अडचण कुठे आहे?

अडचण कॅलेंडरमध्ये आहे. पर्यटकांचा हंगाम आणि लांडगिणीच्या बाळंतपणाचा हंगाम एकच आहे.

दख्खनच्या माळावर लांडग्यांची पिले साधारण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जन्मतात. गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. ओढ्याच्या काठावर, घळीत किंवा मुरमाड उतारावर मादी बीळ करते. जन्मतः पिले आंधळी असतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती बिळाच्या तोंडाशी येऊ लागतात. या काळात कळपातले बाकीचे लांडगे शिकार करून आई आणि पिलांना पुरवतात.

बिळाजवळ माणसांची वर्दळ वाढली की मादी पिलांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते. दिवसाउजेडी, उघड्या माळावर, एकेक पिलू घेऊन. या हलवाहलवीत पिले भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडू शकतात किंवा थंडीत उघड्यावर पडू शकतात. आई दूर असतानाच गाडी बिळाजवळ येऊन थांबली, तर ती परत यायला धजत नाही आणि पिले तासन् तास उपाशी राहतात. पिलांच्या एका छायाचित्रासाठी मोजली जाणारी ही किंमत छायाचित्रात दिसत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लांडगा आणि चिंकारा दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे. या कायद्यातली ‘शिकार’ ही व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे आणि आमिष दाखवणे यांचाही तिच्यात समावेश आहे. गाडी प्राण्यामागे पळवली की चांगल्या छायाचित्राचा हेतू होता, हा बचाव टिकत नाही.

कुत्र्यांचा प्रश्न काय आहे?

माळावर दुसरा धोका गावातून येतो. उघड्यावर टाकलेला कचरा, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते. लांडगाही त्याच ढिगाऱ्यांकडे ओढला जातो. कुत्र्यांपासून रेबीज आणि कॅनाइन डिस्टेंपर हे रोग लांडगा, खोकड यांच्यात पसरू शकतात.

याहून खोल धोका संकराचा आहे. पुणे जिल्ह्यातल्या गवताळ प्रदेशात २०१४ मध्ये वेगळ्याच, पिवळसर रंगाचे लांडग्यासारखे प्राणी निसर्ग अभ्यासकांना दिसले. त्यांच्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास झाला आणि लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा म्हणून तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडग्यांची संख्या रोडावली आणि जोडीदार मिळेनासा झाला की असे होण्याची शक्यता वाढते. लांडगा न मारताही तो नाहीसा होऊ शकतो.

म्हणून सफारीला जाताना उरलेले जेवण किंवा बिस्किटे रानात टाकणे हा निरुपद्रवी प्रकार नाही. ते अन्न प्रथम कुत्र्याच्या पोटात जाते.

मेंढपाळांचे काय?

हा माळ धनगरांचाही आहे. दिवाळीनंतर इथले अनेक वाडे मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जे मागे राहतात, ते आसपासच्या शिवारात मेंढरे बसवतात. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे.

लांडग्याने मेंढरू उचलणे त्यांना नवे नाही आणि पिढ्यान् पिढ्या त्यांनी ते सोसलेही आहे. पण रान आक्रसत गेले की दोघांची गाठ वारंवार पडते. वन्यप्राण्याने जनावर मारले तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी वन विभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो आणि मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नसते. फिरत्या वाड्याला हे सगळे जमतेच असे नाही. कागद, बँक खाते आणि खेटे यांत त्याचे दिवस जातात. भरपाई वेळेत न मिळणे हे लांडग्याच्या मुळावर येते, कारण रागाच्या भरात विष घातलेले मांस ठेवले जाण्याची भीती तिथूनच सुरू होते.

पर्यटकाने एवढे जरूर करावे : वाड्याजवळ गाडी नेऊ नये, मेंढरांच्या कळपातून ती दामटू नये आणि मेंढपाळाचे किंवा त्याच्या घरच्यांचे छायाचित्र न विचारता काढू नये. लांडगा आज कुठे दिसला, हे त्याच्याइतके नेमके कुणालाच ठाऊक नसते. पण ते सांगायचे की नाही, हा त्याचा अधिकार आहे.

भिगवणचे फ्लेमिंगो नेमके केव्हा दिसतात?

दरवर्षी डिसेंबरमध्ये भिगवणला जाऊन फ्लेमिंगो न दिसल्याने हिरमुसून परतणारे अनेक असतात. यामागचे गणित धरणात आहे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत आहे. पाणी मोठे, पण बरेचसे पसरट आणि उथळ. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, पोहत मासे पकडत नाही. तो उथळ पाण्यात मान उलटी घालून चिखलातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी आणि मऊ गाळ हवा असतो.

पावसाळा चांगला झाला की धरण काठोकाठ भरते आणि गाळाचे पट्टे पाण्याखाली असतात. कालव्यातून आणि नदीत पाणी सोडले की पातळी उतरते, काठ उघडे पडतात आणि मग रोहितांचे थवे उतरतात. म्हणून भरपूर पावसाच्या वर्षी ते उशिरा, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत दिसतात. कमी पावसाच्या वर्षी लवकर येतात. निघण्यापूर्वी धरणाचा साठा किती टक्के आहे, ते बातम्यांत पाहावे. हवामानापेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

रोहित नसले तरी हिवाळ्यात जलाशय रिकामा नसतो. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, पाणथळीतले चिखल्ये, सुरय आणि मासे टिपणारा ऑस्प्रे हे सगळे तिथे असतात. पट्टकादंब दिवसा काठावर विसावतात आणि आजूबाजूच्या शिवारात चरायला जातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पक्ष्याने हिमालय ओलांडताना ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद उपग्रह-यंत्राच्या मदतीने झाली. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावरची चित्रबलाकांची वसाहतही प्रसिद्ध आहे.

कुंभारगाव आणि डिकसळला स्थानिक मच्छीमार होडीतून पक्षी दाखवतात. घरगुती जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. मासेमारी मंदावली की हिवाळ्यातले हेच उत्पन्न त्यांना आधार देते. मात्र होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि अंगावर घालावे. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता. वारा वाढला की होडीचा आग्रह धरू नये. पक्ष्यांचा थवा उडवून ‘व्हिडिओ’ मिळवण्यासाठी नावाड्याला होडी जवळ घालायलाही सांगू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी चरबी साठवायची असते. प्रत्येक भरारी त्या शिल्लकीतून वजा होते.

माळावर झाडे लावली तर बिघडले काय?

हा प्रश्न या भागात दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. सरकारी नोंदींत आणि नकाशांत झुडपी-गवताळ जमीन बऱ्याचदा ‘पडीक’ या रकान्यात टाकली जाते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी जमिनीला जागा मिळालेली आहे. पडीक म्हटले की ती ‘सुधारायची’ इच्छा होते. मग खड्डे खणले जातात आणि गिरिपुष्पासारखी परदेशी, झपाट्याने वाढणारी झाडे लावली जातात.

हेतू चांगला असतो, पण दाट सावलीत गवत टिकत नाही. गवत गेले की टोळ आणि उंदीर कमी होतात, त्यामागे भोवत्या आणि खोकड जातात. दूरवर नजर ठेवून धोका ओळखणाऱ्या चिंकाऱ्याला दाट झाडी सोयीची नसते. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते मुळांच्या जाळ्याने मुरमाड माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात आणि जनावरांना वैरण देतात.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले उदाहरण पुरेसे बोलके आहे. माळढोक पक्ष्यासाठी तिथे नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आज तिथे माळढोक दिसणे हीच बातमी होते. गवत, वाटा आणि शांतता हळूहळू निसटत गेली की नुसते अभयारण्याचे नाव प्राण्याला वाचवू शकत नाही.

दोन दिवसांचा बेत कसा आखाल?

- पहिला दिवस, सकाळ : पहाटे पुण्याहून निघून मयूरेश्वर अभयारण्य. दहापर्यंत फेरी पूर्ण. जवळच मोरगावला दर्शन आणि जेवण.
- पहिला दिवस, दुपार : आधी नोंदणी केलेली शिर्सुफळची सफारी. संध्याकाळी भिगवण किंवा कुंभारगावला मुक्काम.
- दुसरा दिवस, सकाळ : सूर्योदयाला जलाशयावर होडी. उन्हे चढण्यापूर्वी परत.
- दुसरा दिवस, दुपार : नोंदणी असल्यास कडबनवाडी. अंधार पडण्यापूर्वी महामार्गाला लागावे. रात्री माळावर फिरू नये.
- रेल्वेने येणाऱ्यांसाठी : भिगवण स्थानक पुणे-सोलापूर मार्गावर आहे. पुढे खासगी वाहन ठरवावे लागते.

पहाटे थंडी बोचरी असते, दुपारी ऊन चटकते. काढता-घालता येतील असे कपडे, मातकट किंवा हिरवट रंग, टोपी, पाणी आणि दुर्बीण एवढे पुरे. कुसळे मोज्यांत घुसतात, म्हणून बूट बंद असावेत.

कुठे थांबायचे?

- गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. गवतात जमिनीवर घरटी असतात आणि चाकोरी पडली की पावसात तिथूनच माती वाहते.
- प्राण्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, चरणे थांबवले किंवा पाय आपटला, तर तुम्ही फार जवळ आला आहात. इंजिन बंद करा आणि तिथेच थांबा.
- बीळ किंवा पिले दिसली तर मागे फिरा. मार्गदर्शक आग्रह करत असेल तरीही नकार द्या.
- छायाचित्र टाकताना नेमके ठिकाण लिहू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ‘लोकेशन’ची नोंद बंद ठेवा.
- पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नका. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.
- विडी-सिगारेट, शेकोटी पूर्ण बंद. हिवाळ्यात वाळलेले गवत ठिणगीने पेटते. वन विभाग जाळरेषा काढतो, पण वारा असला तर आग ती ओलांडते.
- स्वतःचा कचरा परत न्या. सोबत पाळीव कुत्रा आणू नका.

शेवटी काय उरते?

हेमिसला जाणारा पर्यटक दिवसभर थंडीत बसून समोरच्या डोंगरावर नजर लावतो आणि हिमबिबट्या दिसला नाही तरी पैसे वाया गेले म्हणत नाही. त्या प्रदेशाचे वैराण रूपच त्याला मोलाचे वाटते. बारामती-इंदापूरच्या माळाकडे मात्र आपण अजून तसे पाहत नाही. इथे दोन तासांत लांडगा दिसला नाही की गाडी गवतात घालायचा मोह होतो.

एखाद्या थंड सकाळी लांडगा दिसला नाही, याचा एक अर्थ असाही असू शकतो की तो जवळच्या घळीत पिलांपाशी आहे आणि त्याला त्रास झालेला नाही. सफारीचे शुल्क भरून त्याला मिळालेली ही शांतता पुढच्या हिवाळ्यात कामी येते. तेव्हा त्याच माळावर आणखी तीन-चार तरुण लांडगे फिरत असतील, आणि त्यांना दाखवायला गावातला मार्गदर्शक पुन्हा पहाटे पाहुण्यांची वाट पाहत उभा असेल.